गोदेचं पाणी तपासायचं तर फेजही मोजा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज फिरत होता. एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या दाखल्याने त्यात म्हटलं होतं, की गंगेच्या पाण्यात बॅक्टेरिया खाणारे विषाणू असतात, म्हणून ते पाणी कधी किडत नाही; आपल्या गोदामाईतही तेच विषाणू आहेत; तेव्हा 2027 च्या सिंहस्थात पाण्याच्या नावाने ओरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारचे काका भेटले. "मॅडम, तुमच्याच विषयातलं आहे. खरं ना ते?" मी म्हटलं, "अर्धं खरं आहे, काका." तेवढ्यावर समाधान मानून ते भाजी आणायला निघून गेले. माझ्या हातात प्रॅक्टिकलच्या वह्या होत्या, कॉलेजला उशीर होत होता, आणि उरलेलं अर्धं सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, कारण या प्रकरणात नाशिककरांच्या कामाचं आहे ते तेच अर्धं.

मी गेली बावीस वर्षं नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वाढले पंचवटीत. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणण्याची रीत नाही. 'गंगेवर जाऊन येते', 'गंगेला पूर आलाय', असंच बोलतात. आजी रामकुंडावरून तांब्याच्या गडूत पाणी आणायची, गडूचं तोंड लाखेने बंद करून तो देव्हाऱ्यात ठेवायची. त्या गडूकडे पाहून हात आपोआप जोडले जायचे, अजूनही जोडले जातात. उत्तरेतल्या गंगेबद्दल जे काही चांगलं बोललं जातं ते आपण इतक्या सहज आपल्या गंगेला लावतो, त्यामागे हेच प्रेम आहे. या प्रेमाला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण या प्रेमाच्या आधाराने नदीबद्दल एक चुकीची खात्री पसरते आहे, आणि ती चुकीची खात्री माझ्या विषयाच्या नावावर खपवली जाते आहे, हे मला सहन होत नाही.

गोदावरीत हे विषाणू आहेत. पण शहरातून वाहणाऱ्या नदीत ते भरपूर सापडणं ही पाणी शुद्ध असल्याची खूण नाही. पाण्यात मैला मिसळला आहे याची ती खूण आहे. आणि ही खूण इतकी चोख आहे की सिंहस्थाच्या आधीपासून ती मोजायला आणि लोकांना सांगायला सुरुवात झालीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी हे विषाणू म्हणजे काय ते पाहू. त्यांचं पूर्ण नाव बॅक्टेरिओफेज, आमच्या बोलण्यात नुसतं फेज. बारावीच्या जीवशास्त्रात त्याचं चित्र असतं: वर पैलूदार डोकं, खाली शेपटी, शेपटीला कोळ्यासारखे सहा पाय. त्यातल्या टी-4 नावाच्या फेजची लांबी सुमारे 200 नॅनोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे पाच हजार फेज एकापाठोपाठ एक मावतील. फेज स्वतः खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पाण्यात तो नुसता तरंगत असतो. त्याच्या नेमक्या जातीचा जीवाणू त्याला आदळला, तरच त्याचं काम सुरू होतं. पाय टेकतात, शेपटी आत रुतते, डोक्यातला डीएनए जीवाणूच्या पोटात उतरतो आणि रिकामं टरफल बाहेर राहतं. टरफल बाहेर आणि डीएनए आत, हे हर्शी आणि चेस यांनी 1952 मध्ये दाखवलं. जीवाणूंना चिकटलेली टरफलं झटकून काढायला त्यांनी चक्क स्वयंपाकघरातला मिक्सर वापरला होता. आत उतरलेला डीएनए जीवाणूची सगळी यंत्रणा आपल्या कामाला जुंपतो. अर्ध्या तासाच्या आसपास जीवाणू फुटतो आणि शंभराच्या वर नवे फेज बाहेर पडतात.

पृथ्वीवर असे किती फेज असावेत याचा जो अंदाज आमच्या क्षेत्रात मानला जातो, तो एकावर एकतीस शून्यं इतका मोठा आहे. समुद्रात, शेतातल्या मातीत, गुरांच्या शेणात, आपल्या आतड्यात, सगळीकडे ते आहेत. तेव्हा 'गोदावरीत फेज सापडले' ही बातमीच होऊ शकत नाही. कुठल्या जातीचे सापडले आणि किती सापडले, यात बातमी असते.

जात महत्त्वाची, कारण फेज अतिशय निवडक असतो. लॅम्डा नावाचा फेज ई. कोलाय या जीवाणूच्या अंगावरचं एकच दार ओळखतो, ज्या दारातून तो जीवाणू माल्टोज ही साखर आत घेतो ते. शेजारी टायफॉइडचा जीवाणू असला तरी लॅम्डा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. आणि ज्या ई. कोलायने ते दार बदललं, त्याच्याकडेही नाही. असे दार बदललेले जीवाणू फेज यायच्या आधीपासूनच गर्दीत थोडेफार असतात, हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 मध्ये सिद्ध केलं. बाकीचे मेले की हेच वाढतात. त्यामुळे फेज आपल्या शिकारीचा निर्वंश करत नाही. शिकार विरळ झाली की तिच्याशी गाठ पडणंच मुश्कील होतं, मग फेजही घटतात, आणि जीवाणू पुन्हा डोकं वर काढतात. हा पाठशिवणीचा खेळ कोट्यवधी वर्षं चालू आहे. पाणी स्वच्छ करून देण्याचा ठेका त्यात कुणी घेतलेला नाही.

मेसेजमध्ये ज्या शास्त्रज्ञाचा दाखला होता त्याच्याबद्दलही बोललं पाहिजे. अर्नेस्ट हँकिन हा इंग्रज माणूस आग्र्याला सरकारी नोकरीत होता. 1896 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या फ्रेंच नियतकालिकात त्याने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू मरतात आणि तेच पाणी उकळून घेतलं तर मरत नाहीत. फेजचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती. इंग्लंडमध्ये ट्वॉर्टने 1915 मध्ये आणि पॅरिसमध्ये फेलिक्स देरेलने 1917 मध्ये तो लावला. त्यानंतर मागे वळून पाहताना अनेकांनी म्हटलं, हँकिनने पाहिलं ते फेजच असणार. मीही कितीतरी वर्षं वर्गात तसंच सांगत आले. पण 2011 मध्ये काही फेज-अभ्यासकांनी तो मूळ लेख ओळ न ओळ पुन्हा वाचला. हँकिनने त्यात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती: हवाबंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकून राहतो. त्यावरून त्याचा स्वतःचा तर्क असा होता की पाण्यात उडून जाणारा एखादा पदार्थ असावा. फेज असते तर नळी बंद असो की उघडी, त्या तापमानाला ते निकामी झाले असते. म्हणजे ज्या लेखाच्या आधारावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो लेख फेजबद्दल आहे की नाही हेच पक्कं नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

आणि देरेलचं पाहा. फेजवर त्याच्याइतका विश्वास टाकलेला माणूस जगात झाला नाही. 1927 मध्ये तो पटकीवर काम करायला हिंदुस्थानात आला, पंजाबात फिरला. नदीत फेज आहेत, ते आपलं आपण बघून घेतील, असं म्हणून तो स्वस्थ बसला नाही. प्रयोगशाळेत वाढवलेले फेज रुग्णांना पाजले, गावच्या विहिरींत ओतले. पुढे आसामातही सरकारने तसे प्रयोग करून पाहिले. त्यांचे निकाल किती पक्के मानायचे यावर आजही वाद आहे. पण एवढं दिसतं, की ज्याने फेजला नाव दिलं त्यानेही साथ आवरायचं काम नदीवर सोपवलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूचंही जे खरं आहे ते मी लपवणार नाही. ढाक्याच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की तिथल्या पाण्यात पटकीचे फेज वाढले की पटकीची साथ ओसरते. काम उत्तम आहे, मला ते मान्य आहे. फक्त क्रम लक्षात घ्या. आधी जंतू वाढतात, माणसं आजारी पडतात, त्यांच्याच पोटातून जंतूंबरोबर फेजही मोठ्या संख्येने पाण्यात येतात, आणि मग साथ उतरणीला लागते. फेज साथीच्या मागून येतो. शिवाय फेज आपल्या बाजूने आहे असंही धरून चालू नये. पटकीचा जंतू ज्या विषामुळे माणसाला जुलाब लावतो, त्या विषाचा जनुक त्या जंतूला एका फेजनेच आणून दिलेला असतो. हे 1996 मध्ये उघड झालं. घटसर्पाचीही तीच कथा. काही फेज जीवाणूला मारण्याऐवजी त्याच्या डीएनएत जाऊन बसतात, आणि आपलं सामान त्याला देऊन टाकतात.

पण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो दिल्लीचा प्रसंग. नोव्हेंबर 1955. नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत जिथून दिल्लीला पिण्याचं पाणी उचललं जायचं त्या वजिराबादच्या जागेपर्यंत पोचलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. सगळं आटोक्यात आहे असं वाटलं. मग काही आठवड्यांत कावीळ सुरू झाली आणि सुमारे 29 हजार माणसं पिवळी पडली. क्लोरीनने जीवाणू मेले होते, विषाणू मेले नव्हते. कितीतरी वर्षांनी त्या साथीच्या मुळाशी हिपॅटायटिस ई असल्याचं निष्पन्न झालं. नदी कुठली? यमुना. हँकिनने जिच्या पाण्याची तारीफ लिहिली तीच. त्या नदीत फेज असतील-नसतील, पण काविळीच्या विषाणूपुढे ते काहीही करू शकत नव्हते. फेज जीवाणूत शिरतो, विषाणूत नाही. अमीबा, जियार्डिया या जुलाब लावणाऱ्या परजीवींच्या पुटीत नाही. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याने पाण्यात क्रोमियम सोडलं तर त्यात तर नाहीच नाही.

मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही दिल्लीची गोष्ट वाचावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे आजही पाण्याची परीक्षा जवळपास त्याच पद्धतीने होते. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जो ऑक्सिजन वापरतात तो, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅमच्या वर, आणि विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जीवाणू 100 मिलिलिटरमध्ये 500, फार तर 2500. निकष वाईट नाही. पण त्यात विषाणूंचा शब्दही नाही. सिंहस्थाची मोठी स्नानं श्रावण-भाद्रपदात येतात. पाऊस, गढूळ पाणी, तुंबून वाहणारी गटारं. पर्वणीच्या आदल्या रात्री कुंडात क्लोरीन टाकला की सकाळी कॉलिफॉर्मचा आकडा सुरेख येईल. कावीळ, जुलाब आणि पोलिओच्या भाऊबंद विषाणूंबद्दल तो आकडा मूग गिळून बसेल.

इथे फेज आपल्या कामाला येतो. ई. कोलाय आणि त्याच्या नातलगांवर जगणाऱ्या फेजना कोलायफेज म्हणतात. ई. कोलाय राहतो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात. तेव्हा पाण्यात कोलायफेज दिसले की ते बहुतांशी कुणाच्या तरी पोटातून आले आहेत हे नक्की. आणि फेज स्वतः विषाणू असल्यामुळे, आकाराने, बांधणीने, क्लोरीनला तोंड देण्यात तो काविळीच्या विषाणूंना ई. कोलायपेक्षा कितीतरी जवळचा आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून ई. कोलाय मेले पण कोलायफेज जिवंत निघाले, तर समजावं की रोगाचे विषाणूही निसटले असण्याचा संभव आहे. युरोपने हे ओळखलं. 2020 च्या पिण्याच्या पाण्याच्या नियमात त्यांनी कच्च्या पाण्यातले कोलायफेज घेतले. 100 मिलिलिटरमध्ये 50 च्या वर गेले की प्रक्रियेकडे नीट पाहायचं. शेतीला सांडपाणी पुन्हा वापरण्याच्या त्याच वर्षीच्या नियमातही कोलायफेज आहेत.

नाशिकच्या माणसाला हे समजायला युरोप कशाला हवा! आपल्याकडे गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पूर आला की क्युसेकचे आकडे कुणी विचारत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून सराफ बाजार दुकानं आवरायला घेतो. मारुती पूर अडवतो असं कुणीही समजत नाही. तो पुराची उंची सांगतो, आणि त्याचं सांगणं सगळं शहर मानतं. कोलायफेजकडे मी तसंच पाहते. तो मैला अडवत नाही. मैला किती चढला आहे ते सांगतो.

आणि ते सांगणं डोळ्यांनी दिसतं. गेल्या वर्षी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी शहरातल्या एका नाल्याच्या तोंडाशी सकाळी सातला पाणी भरलं. दुसरी बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची. दोन्ही पाणी बारीक गाळणीतून गाळलं, म्हणजे जीवाणू वर अडकतात आणि फेज खाली उतरतात. मग परीक्षानळीत रात्रभर वाढवलेलं ई. कोलायचं कल्चर, त्यात गाळलेलं पाणी, वर हाताला सोसेल इतका निवलेला पातळ अगार, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली. दोन तळहातांमध्ये नळी फिरवायची आणि झटकन प्लेटवर ओतायचं. हात रेंगाळला की अगारच्या गुठळ्या होतात, पहिल्या दोन प्लेटी तशाच वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला. उकळलेल्या पाण्याच्या प्लेटवर जीवाणूंचा थर दुधावरच्या सायीसारखा एकसंध होता. नाल्याच्या प्लेटवर त्याच सायीला भोकंच भोकं पडली होती, अनारशाच्या जाळीसारखी. एकेका भोकाला प्लाक म्हणतात. एक प्लाक म्हणजे सुरुवातीला तिथे पडलेला एक फेज; त्याने एक जीवाणू फोडला, त्याच्या पिल्लांनी शेजारचे फोडले, असं करत सकाळपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढं मैदान साफ झालं. मोजायचं ते या भोकांना.

प्लेट खिडकीकडे धरून सगळे पाहत होते. सायखेड्याहून येणारी एक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे येतं ते हेच पाणी ना?" तिच्या घरची शेती नदीकाठी आहे. मी हो म्हटलं. नाशिकमधून पाणी सायखेडा, चांदोरीवरून नांदूरमध्यमेश्वरला जातं, आणि पुढे जायकवाडीला, मराठवाड्याच्या नळांना. रामकुंडावर आपण जे ठरवतो ते फक्त आपल्यापुरतं नसतं, हे त्या मुलीने मला एका वाक्यात शिकवलं.

ही तपासणी महाग नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर, पेट्री प्लेट, अगार आणि ई. कोलायचा ठरलेला स्ट्रेन, एवढ्यात भागतं. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असलेल्या कुठल्याही कॉलेजात हे असतंच. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांतून बाहेर पडणारं पाणी, नंदिनी आणि वाघाडी जिथे गोदावरीला मिळतात त्या जागा, रामकुंड, आणि गंगापूर धरणाखालची तुलनेसाठी एक जागा. दर आठवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या वेळी नमुने, वर्षभर. प्लाकवरून माणसाचा मैला आणि गुराचं शेण यांत फरक करता येत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. त्यासाठी क्रासफेज आहे. 2014 मध्ये माणसाच्या आतड्यातल्या डीएनएच्या माहितीचे तुकडे जुळवताना तो सापडला. माणसांच्या सांडपाण्यात तो विपुल असतो. तो पीसीआरवर पकडता येतो, आणि करोनाच्या काळात घेतलेली पीसीआर यंत्रं अजून जागोजाग आहेत.

अडचण यंत्रांची नाही, आकडे बाहेर येण्याची आहे. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्याचे जुने अहवाल मागायला मी एकदा एका सरकारी कार्यालयात गेले होते. तिसऱ्या खेपेला मला सांगण्यात आलं, की आकडे आहेत पण ते दिले तर लोक विनाकारण घाबरतील. गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली, त्याला आता किती वर्षं झाली ते मोजा. एवढ्या वर्षांत लोकांना घाबरवण्याइतके तरी आकडे घाटावर लागायला हवे होते. लोक आकड्यांनी घाबरत नाहीत, लपवाछपवीने घाबरतात. दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं तर आपण त्याच्यावर पडदा टाकतो का? त्याच मारुतीच्या बाजूला एक फळा असावा, त्यावर तारीख, कॉलिफॉर्म आणि कोलायफेज यांचे मराठीत लिहिलेले आकडे असावेत. ज्याला बुडी मारायची त्याने मारावी. ज्याच्या कडेवर तान्हं मूल आहे तो फळा वाचून नुसतं मार्जन करील. श्रद्धेला यात धक्का कुठे बसतो ते मला खरंच कळत नाही. आजीच्या गडूतलं पाणी पवित्र होतं. पण आम्हाला जुलाब झाले की ती नळाचं पाणी उकळूनच पाजायची.

आता दुसरी गोष्ट. प्लेटवरची ती भोकं फक्त घाण दाखवत नाहीत. जगभरात 2019 या एका वर्षात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, असा 2022 मध्ये आलेला अंदाज आहे. आयसीयूत काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर या जीवाणूंची नावं तो कशी उच्चारतो. फेजचा औषध म्हणून वापर जुना आहे. जॉर्जियात तिबिलिसीला 1923 पासून त्याची संस्था आहे. ती उभारणाऱ्या एलियावाला स्टालिनच्या राजवटीने 1937 मध्ये ठार केलं, तरी संस्था जगली. पेनिसिलिन आल्यावर बाकीचं जग तिला विसरलं. आता आठवण होते आहे. 2019 मध्ये लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या एका मुलीची बातमी आली. फुफ्फुस बदलल्यानंतर तिच्या अंगभर मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या नात्यातल्या जीवाणूंचा, संसर्ग पसरला होता, औषधं संपली होती. तीन फेजच्या मिश्रणाने ती सावरली. त्यातल्या एका फेजचं नाव मडी, आणि तो सापडला होता दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, एका सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूला. शोधला होता एका विद्यार्थिनीने, वर्गातल्या प्रकल्पासाठी. तेव्हा त्याचा काही उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. वर्षानुवर्षं तो फ्रीजरमध्ये नाव-पत्त्यासह नीट जपला होता, म्हणून वेळेला हाताशी आला.

म्हणून नदी तपासताना मिळालेले फेज फेकू नयेत. दवाखान्यांच्या सांडपाण्यात त्याच दवाखान्यातल्या हट्टी जंतूंचे फेज असतात. ते शोधायचे, त्यांचा डीएनए वाचून विषाचे जनुक वाहणारे आणि जीवाणूत दडून बसणारे वगळायचे, उरलेले जपायचे. हे काम एका कॉलेजच्या आवाक्यातलं नाही. पण राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या म्हसरूळला आहे. फेजची पेढी उभी करायला याहून योग्य जागा महाराष्ट्रात मला दिसत नाही. फेजचे उपचार घ्यायला आपल्या देशातली काही माणसं पदरचे पैसे मोडून तिबिलिसीला जाऊन आली आहेत. बेल्जियमने 2018 मध्ये औषधविक्रेत्याने रुग्णागणिक फेज तयार करून देण्याची कायदेशीर वाट काढली. आपल्याकडे अशी वाट निघेल तेव्हा द्यायला फेज तर हवेत.

मात्र हे दोन मुद्दे कुणी एकत्र करू नयेत, म्हणजे 'पाहा, शेवटी घाणीतूनच औषध निघतं' असं म्हणून नाले वाहू देऊ नयेत. औषधाला लागणारा फेज बाटलीभर सांडपाण्यातून मिळतो. त्यासाठी नदी नासवण्याची गरज नाही.

सायखेड्याच्या त्या मुलीने काल तिच्या गावच्या घाटावरून पाणी भरून आणलं. बाटलीवर तारीख, वेळ आणि 'पाणवेली बाजूला सारून भरले' असं लिहिलं आहे. या वेळी तिने स्वतः प्लेट ओतली, एकही गुठळी होऊ न देता. ती रात्रभर सदतीस अंशांवर राहील. उद्या सकाळी आठ वाजता आम्ही इनक्युबेटर उघडून मोजणार आहोत. काकांना मी जिन्यात गाठून निरोप दिला आहे. येतो म्हणाले.